लाँग एक्स्पोजरसाठी दणकट ट्रायपॉड: मराठवाड्यातून येणारे नेहमीचे प्रश्न

मृग लागला की सहस्रकुंड, नळदुर्ग, सौताडा, वेरूळ ही नावं निघायला लागतात आणि पाठोपाठ ट्रायपॉडची चौकशी सुरू होते. लातूर, नांदेड, बीड, परभणीकडच्या मित्रांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ट्रायपॉडवरचे बहुतेक सल्ले समुद्रकिनारा नाहीतर बर्फाळ डोंगर डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. आपल्याकडे काळी माती, शेवाळलेला खडक आणि उघड्या माळावरचा वारा यांच्याशी गाठ असते, म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत.

कॅमेऱ्यासोबत मिळालेला हलका ट्रायपॉड आहे. तो चालणार नाही का?

घरात ग्रुप फोटोसाठी जरूर चालेल. लाँग एक्स्पोजरचं, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढायच्या फोटोचं, गणित मात्र वेगळं आहे. समजा, दुपारच्या उजेडात १/६० सेकंद शटर येतंय. त्यावर १० स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळसर काच, दर स्टॉपला प्रकाश निम्मा करणारी) लावला की प्रकाश साधारण हजारपट कमी होतो आणि तोच फोटो घ्यायला १७ सेकंद लागतात. तेवढा वेळ कॅमेरा जागचा हलता कामा नये.

किती हललं तर बिघडतं? २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर आणि ५० मिमीची लेन्स धरा. कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाइतका कलला तरी प्रतिमा एका पिक्सेलपेक्षा जास्त सरकते. डोळ्याला ही हालचाल दिसतच नाही. मॉनिटरवर फोटो मोठा करून पाहिला की दगडाच्या कडा मऊ दिसतात आणि लेन्सच खराब आहे असं वाटू लागतं. अशा वेळी लेन्स बदलायला निघण्याआधी ट्रायपॉडच्या पायांकडे पाहा.

खोक्यावर ‘लोड कॅपॅसिटी १० किलो’ लिहिलंय. तेवढ्यावर घ्यावा का?

नाही. हा आकडा मोजण्याची सगळ्यांना बांधील अशी एक पद्धत नाही, प्रत्येक कंपनी आपल्या रीतीने मोजते. शिवाय तेवढं वजन ठेवल्यावर ट्रायपॉड कोसळणार नाही, इतकंच तो सांगतो. वाऱ्यात तो किती थरथरेल आणि थरथर किती लवकर थांबेल, हे त्यातून कळत नाही. अंदाजासाठी एक ठोकताळा वापरतात: कॅमेरा आणि तुमची सगळ्यात जड लेन्स यांचं वजन करा आणि त्याच्या निदान तिप्पट क्षमता लिहिलेला ट्रायपॉड पाहा. त्याखालचे सरळ बाजूला काढा. बाकीच्यांतून निवड करायची ती नळीची जाडी पाहून.

मग नळी किती जाड हवी? आणि पाय तीन भागांचे की चार?

ट्रायपॉडच्या निवडीत मी सगळ्यात जास्त महत्त्व या प्रश्नाला देतो.

पोकळ नळीची वाकण्याला विरोध करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. धातू तोच, पत्र्याची जाडी तीच, फक्त व्यास २२ मिमीऐवजी २८ मिमी घेतला तर ताकद जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे सहा मिलिमीटरमध्ये एवढा फरक. लाँग एक्स्पोजरसाठी वरची नळी २५ मिमीपेक्षा बारीक असू नये. २८ मिमी असेल तर निर्धास्त राहा. ४०० मिमीसारखी लांब लेन्स लावणार असाल तर ३२ मिमी घ्या.

आता भागांचं. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांत प्रत्येक भाग वरच्यापेक्षा साधारण तीन-चार मिलिमीटरने बारीक होत जातो. वर २८ मिमी असलेल्या पाच भागांच्या ट्रायपॉडचा शेवटचा भाग बोटाएवढा उरतो आणि सगळा भार अखेर त्याच्यावरच येतो. शिवाय प्रत्येक जोड ही ढिली पडू शकणारी आणि चिखल शिरू शकणारी जागा. तीन भागांचा ट्रायपॉड घडी केल्यावर लांब राहतो, बॅगेत मावत नाही, मोटरसायकलला आडवा बांधावा लागतो. हे सगळं खरं असूनही मी तीन भागांचाच सुचवतो. बसने फिरणाऱ्यांनी चार भागांचा घेतला तर चालेल, पण शेवटचा बारीक भाग गरज पडल्याशिवाय बाहेर काढू नये. पाय उघडायचे ते वरच्या जाड भागापासून.

ॲल्युमिनियम की कार्बन फायबर?

कार्बन फायबरचा ट्रायपॉड जित्झो या कंपनीने १९९४ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणला. तेव्हापासून फोटोग्राफरांची पाठ हलकी झाली आहे. त्याच ताकदीच्या ॲल्युमिनियमपेक्षा तो बराच हलका असतो, थरथर लवकर शोषतो आणि उन्हात चटका देत नाही. पण किंमत खूपच जास्त असते आणि दगडावर जोरात आपटला तर नळीला तडा जाऊ शकतो. ॲल्युमिनियमला फार तर पोचा येतो.

आपल्याकडची ठिकाणं पाहा. सहस्रकुंड, नळदुर्ग, पैठण, कपिलधार इथे गाडी बऱ्यापैकी जवळ जाते. चालणं थोडं आणि वारा भरपूर. अशा वेळी दोन-अडीच किलोचा ॲल्युमिनियम ट्रायपॉड आपल्याच वजनाने घट्ट बसतो, ते वजन तुमच्या फायद्याचं असतं. मॅनफ्रोटोचं ०५५ हे तीन भागांचं ॲल्युमिनियम मॉडेल साधारण अडीच किलोचं आहे. कुठल्याही कंपनीचा घ्या, बांधणी ताडून पाहायला हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवता येईल. पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरायच्या असतील, गौताळ्याच्या रानात दिवसभर भटकायचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर कार्बन घ्या.

ॲल्युमिनियमला एक उपाय मात्र आजच करून ठेवा. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या नळीला हात लागत नाही. दोन पायांच्या वरच्या भागावर सायकलची जुनी ट्यूब किंवा क्रिकेट बॅटची ग्रिप चढवा.

मधला दांडा वर केला की उंची चांगली मिळते. तो वापरू नये का?

लाँग एक्स्पोजरला नको. तो वर केला की तीन पायांवरचा कॅमेरा एका काठीवर येतो. पाय पूर्ण उघडून आणि दांडा खाली ठेवून कॅमेरा तुमच्या हनुवटीपर्यंत आला, म्हणजे उंची पुरे झाली. ज्याचा दांडा काढून टाकता येतो आणि पाय आडवे पसरून कॅमेरा जमिनीलगत आणता येतो, तो ट्रायपॉड उत्तम. ओढ्याकाठचे सगळ्यात सुंदर फोटो बहुधा गुडघ्याखालच्या उंचीवरून मिळतात, आणि तेवढ्या खाली ट्रायपॉड सगळ्यात जास्त पक्का असतो.

हेड कुठलं घ्यावं?

बॉल हेड, म्हणजे पायांवर बसणारा, कॅमेरा धरून गोळ्यावर फिरणारा भाग. गोळा जेवढा मोठा तेवढी पकड चांगली. ३६ मिमी आणि त्यापुढचा पाहा. कॅमेरा लावून, तिरका करून, स्क्रू आवळा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) फ्रेमच्या कडेला एखादी खूण धरा. हात सोडल्यावर ती खूण खाली सरकली तर हेड नको. कॅमेऱ्याच्या तळाला लावायची प्लेट आर्का-स्विस या प्रचलित पद्धतीची घ्या, म्हणजे पुढे हेड बदललं तरी प्लेट टाकून द्यावी लागत नाही. पाय आणि हेड वेगवेगळे होतात ना, हेही बघा. एकसंध प्लॅस्टिक हेड मोडलं की सगळा ट्रायपॉड बाद होतो.

काळ्या रानात पाय रुततात. फोटो चालू असतानाच ट्रायपॉड कलतो. काय करावं?

हा अस्सल आपल्याकडचा प्रश्न. काळी माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आक्रसून भेगाळते. तिच्यावर उभा केलेला ट्रायपॉड सुरुवातीला घट्ट वाटतो आणि मिनिटाभराने एक पाय हळूच खाली जातो. तीस सेकंदांच्या फोटोत हे सरकणं स्पष्ट उमटतं.

पाऊस पडून गेल्यावर लगेच रानात पाय रोवू नका, वाफसा येऊ द्या. थांबणं शक्य नसेल तर धुऱ्यावर जा, तिथली जमीन दबलेली असते, गवताची मुळं माती धरून ठेवतात. तेही नसेल तर प्रत्येक पायाखाली पसरट दगड किंवा वीतभर फळीचा तुकडा द्या. असे तीन तुकडे गाडीच्या डिकीत कायम पडून असावेत. फळी ठेवल्यावर ट्रायपॉड वरून दोन्ही हातांनी दाबा, बसायचा तेवढा बसू द्या आणि मगच फ्रेम लावा.

चैत्र-वैशाखात उलटा त्रास असतो. भेगेच्या कडेला ठेवलेला पाय ढेकळासकट आत जातो, म्हणून भेगांपासून हातभर लांब राहा. मुरमाड माळावर लोखंडी अणकुच्या चांगल्या रुततात. खडकावर मात्र त्या घसरतात, तिथे रबरी पाय हवेत. रबर फिरवून मागे घेतलं की अणकुची बाहेर येते, अशी दुहेरी सोय असलेले पाय मिळतात. आपल्याकडे एकाच दिवसात माती, मुरूम आणि बेसाल्ट तिन्ही लागत असल्याने या सोयीसाठी थोडे पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला आणि एक चढाकडे ठेवा.

धबधब्याजवळ ट्रायपॉड कसा लावायचा? शटर किती ठेवायचं?

आधी जागा. विदर्भ आणि मराठवाड्याच्या सीमेवर पैनगंगेचं सहस्रकुंड, बोरी नदी भरली की नळदुर्गच्या पाणी महालावरून कोसळणारे नर आणि मादी हे धबधबे, पाटोदा तालुक्यातला सौताडा, वेरूळच्या लेण्यांवरून उतरणारं पावसाळी पाणी: सगळीकडे पायाखाली बेसाल्ट, आणि ओल्या बेसाल्टवर शेवाळ. तुम्ही घसरलात तर ट्रायपॉडही जातो. शेवाळ नसलेला, खडबडीत दगड शोधा. वाहत्या पाण्यात पाय ठेवला तर पाणी त्याला सतत थरथरवतं. दुसरी जागाच नसेल तर जाड भाग पाण्यात जाईल अशा बेताने कमी उघडा आणि तळाच्या दगडांत घट्ट रोवा. वरच्या भागात पाऊस झाला की पाणी बघता बघता वाढतं, त्यामुळे सहस्रकुंडला खडकाच्या पुढच्या टोकावर ट्रायपॉड लावूच नये.

शटरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून लोक सर्रास तीस सेकंद ठेवतात. आपल्याकडचं पावसाळी पाणी गढूळ असतं. ते तीस सेकंद ओतलं गेलं की फोटोत एकसारखा तपकिरी पट्टा उरतो, ना धार दिसते ना जोर. पाव सेकंद ते एक सेकंद ठेवून पाहा. धारा सुट्या दिसतात, मातीच्या रंगाच्या छटा राहतात. यासाठी १० स्टॉपऐवजी ६ स्टॉपचा फिल्टर पुरतो, ढगाळ दिवशी ३ स्टॉपचाही. पाणी निवळल्यावर, भाद्रपदाच्या शेवटी, हवं तर लांब एक्स्पोजर घ्या.

वारा फार असतो. खाली बॅग लटकवावी का?

लटकवा, पण मोकळी नको. लोंबकळणारी बॅग वाऱ्यावर झुलते आणि ट्रायपॉडलाही हलवते. ती जमिनीला टेकेल इतकी खाली सोडा किंवा दोरीने एका पायाला बांधा. त्याहून सोपं म्हणजे रिकामी कापडी पिशवी न्यायची आणि तिथलेच दगड भरायचे. पाच लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो वजन. ते पाणी पिताही येतं.

कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तो फडफडला की कॅमेरा हलतो. लेन्स हूडही वारा धरतं. ट्रायपॉड कमरेइतका खाली आणा आणि वाऱ्याच्या बाजूला स्वतः उभे राहा. म्हैसमाळच्या कड्यावर किंवा नाथसागराच्या काठावर झोत येतात आणि जातात, दोन झोतांमधली शांतता धरून शटर दाबा.

रात्री पुलावरून गाड्यांच्या दिव्यांचे पट्टे काढायचे आहेत. फोटो हलतो.

पूल हलतो म्हणून. नांदेडला गोदावरीच्या पुलांवरून ट्रक गेला की पायाखालची थरथर तुम्हालाही जाणवते. दोन खांबांच्या मधोमध ती सर्वाधिक असते, म्हणून ट्रायपॉड खांबाच्या बरोबर वर लावा. कठड्याला टेकवू नका. जमलं तर पुलावर न जाता घाटावरून पूल टिपा: जमीन पक्की मिळते आणि पाण्यातलं प्रतिबिंबही.

गाड्यांच्या वेगाप्रमाणे वेळ ठरवा. वाहता रस्ता असेल तर दहा-पंधरा सेकंद पुरतात. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हळू चालतात, त्यांचा सलग पट्टा मिळवायला तीस सेकंदही कमी पडतात. हा विषय फार थोड्यांनी टिपलाय, जरूर करा, पण रस्त्यापासून लांब, शेताच्या कडेला उभे राहून. समृद्धी महामार्गावर फोटोसाठी गाडी अजिबात थांबवू नका.

ताऱ्यांच्या फोटोंसाठी वेगळा ट्रायपॉड लागतो का?

वेगळा लागत नाही, जास्त वेळ टिकणारा लागतो. आभाळ तासाला १५ अंश फिरतं. ताऱ्यांची वर्तुळं हवी असतील तर तास-दोन तास एकामागून एक फोटो घ्यावे लागतात आणि तेवढ्या वेळात ट्रायपॉड केसभरही खचून चालत नाही. वर सांगितलेल्या फळ्या इथे सगळ्यात जास्त कामी येतात.

वर्तुळांचा मध्य म्हणजे ध्रुवतारा. त्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाइतकी, म्हणजे मराठवाड्यात साधारण १८ ते २० अंश. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की तेवढी उंची होते. इतका खाली असल्यामुळे पुढे मंदिराचं शिखर किंवा गढीचा बुरूज सहज घेता येतो.

आकाशगंगेचा दाट भाग दक्षिणेला जास्तीत जास्त ४१ ते ४३ अंशांपर्यंत चढतो. मार्च-एप्रिलमध्ये तो पहाटेच्या बाजूला दिसतो. तारे बिंदूसारखे हवे असतील तर ५०० ला लेन्सच्या मिमीने भागा: २० मिमीला २५ सेकंद. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर मी १५ च्या आसपास थांबतो.

विजांचे फोटो?

ट्रायपॉड घेऊन उघड्या रानात उभं राहायचं नाही. झाडाखाली तर नाहीच. अवकाळीत आणि परतीच्या पावसात वीज पडून दरवर्षी आपल्याकडे माणसं आणि जनावरं दगावतात. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पक्क्या घरात, खिडकीच्या आत ट्रायपॉड लावा आणि ग्रिलला हात लावू नका. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं, ते मोबाईलमध्ये असू द्या.

अजिंठा, वेरूळला ट्रायपॉड नेता येतो का?

दोन्ही ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात, स्टँड लावायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. देवगिरी किल्ला आणि बीबी का मकबरा यांनाही हेच लागू. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, दीड-दोन हजार वर्षं टिकलेले रंग आहेत ते. अर्ज सर्वेक्षणाच्या संभाजीनगर मंडळाकडे वेळेत करा, दारावरच्या पहारेकऱ्याशी वाद घालून उपयोग नाही. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं.

धरणांच्या भिंतीवरही सहसा फोटोग्राफीला मनाई असते. जायकवाडीला फलक वाचा आणि विचारून घ्या.

बजेट फारच कमी आहे. दोन-तीन हजारांत काय मिळेल?

या किमतीत नवे मिळतात ते बहुतेक बारीक नळीचे, लाँग एक्स्पोजरला न टिकणारे. तेच पैसे घेऊन जुना माल शोधा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओंत पूर्वीच्या मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचे भक्कम ॲल्युमिनियम ट्रायपॉड पडून असतात. लातूर, परभणी, जालना, कुठल्याही गावात दोन-चार स्टुडिओंत चौकशी करा. ते जड असतात, हेड व्हिडिओचं असल्याने उभा फोटो घेणं अवघड जातं, पण पाय दगडासारखे.

घेताना सगळे भाग पूर्ण उघडा. वरून तळव्याने दाबा, पाय आत सरकला तर कुलूप गेलंय. मग वरचा भाग दोन्ही हातांत धरून पिळा, पाय वर जिथे जोडलेत त्या सांध्यात कटकट जाणवली तर बोल्ट आवळून पुन्हा पाहा. शेवटी कॅमेरा लावा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा आणि पायाला टिचकी मारा. पडद्यावरचं चित्र एक-दोन सेकंदांत स्थिर झालं तर घ्या. दुकानातल्या नव्या ट्रायपॉडलाही हीच कसोटी लावा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

ट्रायपॉड चांगला आहे, तरी फोटो हलतो.

लेन्स आणि कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी यंत्रणा) बंद करा. काही कॅमेरे ट्रायपॉड ओळखतात, सगळे नाही. बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा. तीस सेकंदांपलीकडे बहुतेक कॅमेऱ्यांत बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) लागतो आणि त्यासाठी दाबून अडकवता येणारा रिमोट. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर मिरर लॉक करा, म्हणजे आरसा आधीच वर उचलून ठेवा, आणि डोळा लावायची मागची काच झाका, नाहीतर तिच्यातून उजेड आत शिरतो. आरसा उचलल्याचा हादरा १/३० ते एक सेकंदाच्या फोटोंना जास्त बाधतो, म्हणजे धबधब्याच्या नेमक्या शटरला.

मोबाईलसाठी?

त्याच ट्रायपॉडवर क्लॅम्प लावा. मोबाईल स्थिर असल्याचं कळलं की बरेच फोन नाइट मोडमध्ये आपोआप जास्त वेळ घेतात.

चिखलात वापरल्यावर निगा कशी राखायची?

त्याच दिवशी धुवा. काळी माती जोडात वाळली की नळी सरकता सरकत नाही आणि जोर लावला तर आतल्या प्लॅस्टिकच्या चकत्या तुटतात. पाय बंद करण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, म्हणजे चिखल आत ओढला जाणार नाही. फिरवून लावायचं कुलूप असेल तर घरी पूर्ण उघडून नळ्या बाहेर काढा, चकत्या कुठल्या क्रमाने बसल्यात त्याचा मोबाईलवर फोटो घ्या, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. आट्यांना थोडंसं ग्रीस लावा. खोबरेल तेल नको, त्यावर धूळ बसते. खटक्याचं कुलूप असेल तर बरोबर आलेल्या पान्याने त्याचा ताण महिन्या-दोन महिन्यांनी तपासा. पाय रात्रभर उघडे ठेवा आणि पूर्ण सुकल्यावरच घडी घाला.